सलग बेचाळीस सेकंद

मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा ती चष्म्याची काच पुसत होती, आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ पुसतच राहिली. बोलणं जेमतेम दोन मिनिटांचं. आठवीच्या वर्गातली एक मुलगी बारा दिवस शाळेत आलेली नाही. घरात कुणाशी बोलत नाही, एक अक्षर नाही. तिची आई आज अकरा वाजता शाळेत येते आहे, आणि तिला एवढंच विचारायचंय की चर्चेच्या तासाला उभी राहून मुलगी नेमकं काय बोलली. "भाषेच्या बाई म्हणतात, त्यांना निम्मंच आठवतंय," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण तुम्ही तर मागे बसून सगळं टिपून घेत असता. तेवढा तुमचा कागद आणा, म्हणजे सुटलो आपण." ती म्हणाली, "आणते." कागद सापडायला वेळ लागला नाही. तिच्याकडे कागद हरवत नसत. शाळेप्रमाणे, वर्गाप्रमाणे, तारखेप्रमाणे लावलेले असत. वर्गाचा नकाशा, गोलात मांडलेल्या एकतीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीचं एक वर्तुळ आणि वर्तुळाखाली शिसपेन्सिलीनं लिहिलेले आकडे. कोण किती वेळा बोललं, किती सेकंद बोललं. सतरा नंबरच्या वर्तुळाखाली लिहिलं होतं : ४२, सलग. शेजारी तिनं स्वतः काढलेली चांदणी होती. त्या अख्ख्या तासात चांदणी मिळालेली ती एकच खुर्ची. तिनं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. बेचाळीस सेकंद मुलगी बोलत होती, ती स्वतः सहा हातांवर बसली होती, आणि कागदावर एक शब्द नव्हता.

बसमध्ये खिडकीशी बसून ती आठवत राहिली. मुलगी आठवत होती. उभी राहिली तेव्हा खुर्चीचा पाय फरशीवर करकरला, ते आठवत होतं. बाहीचा एक धागा सुटलेला आणि बोलता बोलता मुलगी तो बोटाला गुंडाळत होती, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. आवाज बसका, सर्दी झाल्यासारखा. सगळं आठवत होतं, शब्द तेवढे नव्हते. ते आठवायला गेलं की हातातल्या घड्याळाचा काटा दिसायचा, तीस ओलांडून पस्तिसावर, पस्तीस ओलांडून चाळिसावर, आणि त्या वेळी आपल्या छातीत झालेली धडधड. तीस सेकंदांच्या वर मूल सलग बोललं, की ते खरं बोलणं, बाकी सगळी उत्तरं, हे ती शिक्षकांना गेली अकरा वर्षं सांगत आली होती. हेच तिचं काम. या शाळेतून त्या शाळेत जायचं, वर्गात मागे बसायचं, आणि तास संपला की शिक्षकाला समोर बसवून सांगायचं की प्रश्न विचारल्यावर थांबा, मनात पाचपर्यंत मोजा, लगेच दुसऱ्याला उठवू नका. मुलानं काही म्हटलं की 'शाब्बास' म्हणू नका, शाब्बास म्हटलं की बाकीच्यांची तोंडं मिटतात. उत्तराची री ओढू नका. 'आणखी कुणाला काय वाटतं?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. शिक्षक वहीत लिहून घेत. काही जण खरोखर बदलत. पोरं तिला घड्याळबाई म्हणायची, हे तिला ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडतही होतं.

हे सगळं सुरू झालं होतं तिच्या घशापासून. तेव्हा ती तिशीला आलेली, स्वतः वर्गावर शिकवणारी, आणि बोलायला बसली की धबधबा. तास संपेपर्यंत मुलांना खोकायलाही उसंत नसायची. मग आवाज फाटायला लागला. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, तीन आठवडे तोंड उघडायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. रजा शिल्लक नव्हती. ती वर्गात जाऊन फळ्यावर एक प्रश्न लिहायची आणि मागच्या बाकावर जाऊन बसायची. पहिले दोन दिवस पोरांनी नुसता गोंधळ घातला. तिसऱ्या दिवशी पोरं बोलायला लागली. एकमेकांशी. भांडायला लागली, मुद्दे काढायला लागली, 'ए, तिचं पुरं होऊ दे की,' म्हणायला लागली. त्या तीन आठवड्यांतली वाक्यं तिला आजही पाठ होती. प्रकाशाच्या धड्यावर एका लुकड्या मुलीनं विचारलं होतं, "पाण्यात पडलेली सावली ओली होते का?" त्यावर कुणीतरी म्हणालं, "सावलीला काही होत नाही, म्हणून तर ती सावली." पंचवीस वर्षं झाली त्याला. तेव्हा तिच्या हातात घड्याळ नव्हतं, कागद नव्हता, बोलायची सोय नव्हती, म्हणून दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं, ऐकत बसायचं. मग त्याची पद्धत झाली, पद्धतीचा तक्ता झाला, तक्त्याचे रकाने झाले. तक्ते भरायला लागल्यापासून मुलांचं एखादं तरी वाक्य आपल्याला आठवतं का, असं तिनं बसमध्ये स्वतःला विचारलं, आणि बाहेर बघत राहिली. एक माणूस दुकानाची काच धूत होता. त्याच्या मागे काचेत तीच बस उलट्या दिशेनं गेली. मागे एकदा जेवताना नवरा म्हणाला होता, "मी तुला काहीतरी सांगितलं होतं मघाशी." ती म्हणाली होती, "ऐकलं की." तो म्हणाला, "काय?" तिला सांगता आलं नाही. त्यानं पुन्हा काही सांगितलं नाही, ताटातलं संपवून उठला. ते काय होतं, हे तिनं नंतरही विचारलं नव्हतं.

मोठ्या बाईंच्या खोलीत तिघी बसल्या होत्या. मोठ्या बाई टेबलामागे, भाषेच्या बाई भिंतीला लागून, आणि मधल्या खुर्चीवर मुलीची आई, पिशवी मांडीवर घट्ट धरून. आई लहान चणीची होती. कपडे शिवायच्या कारखान्यात काजं करते, असं मोठ्या बाईंनी ओळख करून देताना सांगितलं. तिच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला सुयांनी खरवडलेलं खडबडीत कातडं होतं आणि कपड्यांना निरनिराळ्या रंगांचे दोरे चिकटलेले होते. भांडायला आलेल्या बाईसारखी ती दिसत नव्हती. ती म्हणाली, "मला कुणाला दोष द्यायचा नाही. शेजारपाजारी येऊन गेले, व्हायचं ते झालं. पण पोरगी त्या दिवसापासून तोंड उघडत नाही. जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते. मी म्हटलं, शाळेत जे बोललीस ते मला पण सांग. तर नुसती बघते. म्हणून म्हटलं, शब्दन् शब्द कळला, तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल."

भाषेच्या बाई थोराड अंगाच्या, पण आवाज मऊ. त्यांनी आईकडे न बघता सांगितलं. त्या दिवशीचा प्रश्न होता : गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का? मुलीनं हात वर केला. ती म्हणाली की आमच्या घरी आम्ही सगळ्यांना सांगतो, ताई दुसऱ्या गावी नोकरीला आहे. ती नोकरीला नाही. ती आतल्या खोलीत असते. दोन वर्षं झाली, ती बाहेर येत नाही, कुणाला भेटत नाही. आई सांगते तेव्हा मी गप्प असते, म्हणून मी खोटं बोलत नाही असं मला वाटायचं. पण ताईला आतून सगळं ऐकू येतं. "इथपर्यंत आठवतंय," भाषेच्या बाई म्हणाल्या. "पुढे ती आणखी बोलली. ते... घंटा झाली वाटतं मध्येच." आईनं मान हलवली. हे सगळं वर्गातल्या पोरांनी घरी सांगितलं होतं आणि शेजारणींकडून तिला कळलेलंच होतं. ती म्हणाली, "पुढचंच पाहिजे मला. माझ्याबद्दल काही म्हणाली का?" आणि मग तिघींनीही तिच्याकडे, तिच्या मांडीवरच्या फाइलकडे बघितलं.

खरं सांगायला फारसे शब्द लागले नसते. मी ऐकलं नाही. मी मोजत होते. पण आईचा चेहरा पुढे झुकला होता, ओठ किंचित उघडे होते, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचे असतात तसे, आणि तिला वाटलं, या बाईला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? दयाच होती ती. की दुसरं काही? अकरा वर्षांत आपल्या कागदावर एकही वाक्य नाही, हे या खोलीत उघडं पडू नये, एवढंच? तिनं फाइल उघडली, कागदावर बोट ठेवलं, वाचत असल्यासारखं, आणि म्हणाली, "ती म्हणाली, माझी आई सगळं एकटी करते. आम्हा दोघींचं." आईनं डोळे मिटले. "असं म्हणाली?" "हो." "आम्हा दोघींचं, म्हणाली?" "हो." आईनं पिशवीवरचे हात सैल केले, ते दोन पक्षी सोडावेत तसे वर आले आणि पुन्हा मांडीवर पडले. "मग मला वाटलं होतं तसं नाही," ती म्हणाली. "मी उगाच भीत होते. घरी जाऊन सांगते तिला, तू काय म्हणालीस ते मला कळलं, मी रागावले नाहीये." मोठ्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकून चहा मागवला. आई चहाला थांबली नाही. कामावर अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती, ती म्हणाली, आधी घरी जाते.

व्हरांड्यात भाषेच्या बाईंनी तिला गाठलं. "ती असं म्हणाली नव्हती," त्या म्हणाल्या. आवाज तसाच मऊ. "मला आठवतंय सगळं. आईच्या तोंडावर कसं सांगणार, म्हणून गप्प बसले. ती म्हणाली, आई लोकांना सांगते त्यातली ताई रोज कामावर जाते, हसते, तिला मैत्रिणी आहेत. आईला ती नोकरीवाली ताईच जास्त आवडते. आतली नाही." वर्गातून पाढे म्हणायचा आवाज येत होता. भाषेच्या बाई म्हणाल्या, "त्याच दिवशी तास संपल्यावर तुमच्याकडे आले होते मी. म्हटलं, त्या मुलीचं आपण काय करायचं. तुम्ही म्हणालात, करायचं काय, टाळ्या वाजवा, सलग बेचाळीस सेकंद! मी पुन्हा म्हटलं, पण बाई, ती जे बोलली... तर तुम्ही मला कागद दाखवलात. माझं बोलणं कुठे कमी झालंय, मुलांचं कुठे वाढलंय. तिसऱ्यांदा काही मी म्हटलं नाही. तुम्ही एवढ्या आनंदात होतात." यातलं तिला खरोखर काही आठवत नव्हतं, आनंद मात्र आठवत होता. भाषेच्या बाई पुढे म्हणाल्या, "प्रश्न मोकळा विचारा, तुम्ही सांगितलंत, मी विचारला. मूल मोकळं झालं. मग पुढे? ते कुठल्या रकान्यात आहे?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी चष्मा काढला, डोळे कोरडेच होते पण बोटांनी दाबले, आणि म्हणाल्या, "आता ती माउली घरी जाणार आणि पोरीला म्हणणार, तू असं म्हणालीस. पोरीला तर माहितीये ती काय म्हणाली ते."

ती पळाली. चोपन्नाव्या वर्षी, फाइल छातीशी धरून, फाटकातून बाहेर, रस्त्याच्या कडेनं. पोरीला तर माहितीये. आयुष्यात एकदा तोंड उघडलं, एकतीस जणांसमोर, आणि तेही मोठ्या माणसांनी बदलून परत पाठवलं. घरात एक खोटी ताई होतीच, आता एक खोटी धाकटीही तयार झाली, शहाणी, आईचे कष्ट जाणणारी, आणि आईला आजपासून तीच आवडायला लागणार. कूस दुखायला लागली. आई बसथांब्यावर उभी होती, बस यायच्या दिशेला मान वळवून, आणि चेहऱ्यावर कोवळं असं काहीतरी होतं, जे आता आपल्याच हातानं काढून घ्यायचं होतं.

"मी खोटं सांगितलं," ती धापा टाकत म्हणाली. "मी ऐकलंच नव्हतं. इथे काही लिहिलेलं नाही, हे बघा." तिनं कागद पुढे केला. आईनं तो घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, वर्तुळं, आकडे, चांदणी. "हे काय आहे?" "किती वेळ बोलली, ते." "आणि काय बोलली?" मग तिनं सांगितलं. भाषेच्या बाईंनी सांगितलं होतं तसंच, एक शब्द गाळला नाही, एक मऊ केला नाही. बस आली, दार उघडलं, चालकानं दोघींकडे बघितलं, दार बंद झालं, बस गेली. आई कागदाची घडी घालत होती, काजाच्या कापडाची घालावी तशी कड कडेला जुळवून. घडी पुरी झाल्यावर म्हणाली, "खरं आहे पोरीचं." मग म्हणाली, "पहिल्यांदा नुसतं नोकरीला लागली म्हणाले होते. मग लोक विचारतात ना, कसली नोकरी, राहते कुठे. सांगत गेले. खिडकीची खोली दिली तिला. एक मैत्रीण दिली, जाड भिंगांच्या चष्म्याची. परवा तर कारखान्यात बोलून गेले की तिला बढती मिळाली. बायकांनी मिठाई मागितली हो माझ्याकडे." ती हसली, आणि ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं. "आतल्या पोरीला मी दारातून ताट सरकवते. तिच्याशी काय बोलायचं ते सुचत नाही. या दुसरीबद्दल मात्र कितीही बोलता येतं."

यावर काय म्हणायचं असतं? शिक्षकांना ती सांगत असे, अशा वेळी काही म्हणू नका. ती काही म्हणाली नाही, पण ते पद्धत म्हणून नव्हे. आई म्हणाली, "तुम्ही चला माझ्याबरोबर. तिला सांगा, मला कळलं म्हणून. माझ्या तोंडून ते यायचं नाही." ती म्हणाली, "माझं ऐकेल ती?" आई म्हणाली, "ते मला काय ठाऊक? पण तुमच्यामुळे बोलली ना?"

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जिन्यात ओल्या कपड्यांचा आणि कुणाच्या तरी औषधाचा वास. बाहेरच्या खोलीत एक टेबल, शिवणयंत्र, भिंतीला खेटून पलंग. पलंगाच्या कडेला मुलगी बसली होती, पाय लोंबते सोडून. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि दारासमोर, जमिनीवर, रिकामं ताट. मुलीनं तिला ओळखलं. ते तिच्या बघण्यातच कळलं. आई दाराशीच थांबली. ती मुलीसमोर जाऊन उभी राहिली, मग उभं राहणं बरं दिसेना म्हणून शिवणयंत्राच्या स्टुलावर टेकली. म्हणाली, "त्या दिवशी वर्गात तू जे बोललीस, ते शेवटपर्यंत आईला कळलंय. आईला ती नोकरीवाली ताई जास्त आवडते, तेही. मीच सांगितलं." मुलगी बघत राहिली. "पण मला ते भाषेच्या बाईंनी सांगितलं. मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. सांगशील?"

बारा दिवस न वापरलेला आवाज खरखरत आला. "तुम्ही होतात की तिथे." मागे आईच्या हातातली पिशवी खाली पडली. "समोरच होतात. माझ्याकडेच बघत होतात. मला वाटलं, या ऐकताहेत, म्हणून मी पुढचं पण बोलले. नाहीतर नव्हते बोलणार."

"होते मी," ती म्हणाली. "पण ऐकलं नाही."

मुलीनं यावर थोडा विचार केला. राग नव्हता चेहऱ्यावर. एखादी गोष्ट पक्की झाली, की ती ठेवून द्यावी, तसं काहीतरी. "मग आता कशाला?" ती म्हणाली. पलंगावरून उतरली, जमिनीवरचं ताट उचलून टेबलावर ठेवलं, बंद दारावर दोनदा टकटक केली आणि दार फटीएवढं उघडलं तशी तिरकी होऊन आत शिरली. आत अंधार होता. दार लागलं. कडी घातल्याचा आवाज आला.

दोघी बाहेरच्या खोलीत राहिल्या. ती निघायला म्हणून उठली, फाइल उचलली, आईची क्षमा मागायला तोंड उघडलं, तोच आईनं तिचं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की तर्जनीचं खडबडीत टोक कातडीत रुतलं. आतून आवाज येत होता. आधी एक, जड, झोपेतून उठल्यासारखा, मोठ्या मुलीचा :

"कोण आलं होतं गं?"

मग धाकटीचा, बसका :

"कोणी नाही, ताई."

मग काहीतरी हळू, जे भिंतीतून नीटसं ऐकू येत नव्हतं, आणि पुन्हा मोठीचा आवाज, आणि पुन्हा धाकटीचा, बराच वेळ, सलग. आई दाराकडे कान करून उभी होती, श्वास रोखून, आणि मनगट सोडत नव्हती.